क्वांट व्हायचंय? आधी खुर्ची ठरवा, डिग्री मग

दरवर्षी जून-जुलैत एक फोन ठरलेला. कुणाच्या तरी आत्याचा मुलगा, शेजारच्या काकूंची भाची, नाहीतर माझ्याच कॉलेजचा ज्युनिअर. "दादा, एमएफई करू की सीएफए? की सरळ एमबीए?" (एमएफई म्हणजे फायनान्शिअल इंजिनिअरिंगचा मास्टर्स, सीएफए ही गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा.) यंदाचा फोन सांगलीहून होता. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, गणितात बरा, आणि यूट्यूबवर क्वांट लोकांचे, म्हणजे बँका आणि ट्रेडिंग कंपन्यांत गणित आणि कोडवर काम करणाऱ्यांचे, पगार ऐकून झोप उडालेला. मी त्याला उलट विचारलं, "सोमवारी सकाळी नऊ वाजता तू कुठल्या खुर्चीत बसलेला असशील आणि स्क्रीनवर काय उघडं असेल?" तो गप्प झाला. मग तासभर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

एक आधीच कबूल करतो. मी मुंबईत एका परदेशी बँकेच्या ऑफिसात किंमत आणि जोखीम मोजणारी गणिती मॉडेलं तपासायचं काम करतो आणि भरतीच्या मुलाखती घेतो. त्यामुळे माझं माप थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार. तेवढं वजा करून वाचा.

पहिली पायरी: खुर्च्या ओळखून घ्या

'क्वांट' हा काही एक हुद्दा नाही. निदान चार वेगळी कामं या एका शब्दात कोंबलेली आहेत, आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

पहिली खुर्ची ट्रेडिंग कंपन्यांची. या कंपन्या स्वतःच्याच पैशाने, बरेचदा डोळ्याची पापणी लवायच्या आत सौदे करतात. आपल्याकडे यांचे अड्डे दोन, गुरगाव आणि मुंबई. टॉवर रिसर्च, ग्रॅव्हिटॉन, क्वाडआय ही गुरगावकडची नावं. ऑप्टिव्हर आणि आयएमसी या नेदरलँड्सच्या कंपन्यांनी मुंबईत ऑफिसं थाटली आहेत. यूट्यूबवरचे डोळे दिपवणारे पगार बहुतेक याच खुर्चीचे असतात. गंमत म्हणजे या खुर्चीसाठी मास्टर्सची फारशी गरजच पडत नाही. आयआयटीच्या कॅम्पसवरून बीटेक झालेली पोरं उचलली जातात, संशोधनाच्या जागांसाठी पीएचडीवाले घेतात. यासाठी परदेशातल्या डिग्रीवर लाखो रुपये घालणाऱ्याने आधी तिथे कोण बसलेत ते लिंक्डइनवर बघावं.

दुसरी खुर्ची बँकेतल्या डेस्क क्वांटची. ट्रेडर जे गुंतागुंतीचे डेरिव्हेटिव्ह (शेअर, व्याजदर अशा दुसऱ्या कशावर तरी किंमत अवलंबून असलेले करार) विकतो त्यांची किंमत काढणारं मॉडेल हा लिहितो. मुख्य टीम लंडन, न्यूयॉर्क, पॅरिसला, आणि तिचाच एक भाग पवई, गोरेगाव किंवा बेंगळुरूत. स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस, म्हणजे कसंही हलणाऱ्या भावांचं कॅल्क्युलस, खऱ्या अर्थाने लागतं ते इथे.

तिसरी खुर्ची माझी, म्हणजे मॉडेल व्हॅलिडेशन आणि जोखीम. २००८ च्या मंदीत बँकांची मॉडेलं उघडी पडली. २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने एसआर ११-७ नावाचं मार्गदर्शक पत्रक काढलं. मॉडेल ज्याने बनवलं त्याच्याकडून नव्हे, तटस्थ माणसाकडून तपासून घ्या, हा त्याचा गाभा. त्यातून मॉडेल तपासणाऱ्यांची मागणी एकदम वाढली आणि त्यातल्या कितीतरी जागा मुंबई-बेंगळुरूत आल्या. काम काय? दुसऱ्याने बांधलेलं मॉडेल स्वतः पहिल्यापासून बांधायचं, मग ते कुठे मोडतं ते शोधायचं आणि साठ पानी अहवाल लिहायचा. लिहायचा हे महत्त्वाचं. लोक या कामाला नाकं मुरडतात, 'तपासनीस' म्हणतात. पण महाराष्ट्रातल्या साध्या कॉलेजातून आलेल्या मुलांना आत शिरायला सगळ्यात मोठं दार हेच आहे, असं मी अनुभवावरून सांगतो.

चौथी खुर्ची क्वांट डेव्हलपरची. मॉडेल कागदावर असतं, ते धावणाऱ्या कोडमध्ये बसवणारा हा. सी प्लस प्लस उत्तम येत असेल आणि गणित ठीकठाक असेल, तर कॉम्प्युटर इंजिनिअरने इकडे वळायला हरकत नाही.

याशिवाय म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, क्लिअरिंग कॉर्पोरेशन (सौदे पुरे होण्याची हमी घेणाऱ्या संस्था) इथेही तुरळक जागा असतात. फ्युचर्सवर, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांवर, ब्रोकर जे मार्जिन (अनामत) मागतो ते स्पॅन नावाच्या पद्धतीने ठरतं. ती शिकागोच्या एक्स्चेंजने १९८८ मध्ये काढली. तिच्यावर डोकं चालवणारेही क्वांटच.

घरी बसून ऑप्शनचे, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी-विक्री करण्याच्या हक्काचे, सौदे करणं म्हणजे मात्र क्वांट होणं नव्हे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचं दिसलं. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्यामुळे 'तीन महिन्यांत अल्गो ट्रेडर' छापाच्या क्लासची फी भरण्याआधी हा आकडा आठवा. मी असाच एक सर्टिफिकेट कोर्स पदरमोड करून केला होता. त्यातलं मला आज फक्त बॅगेवरचं चित्र आठवतं.

दुसरी पायरी: स्वतःची झडती

खुर्ची मनात आली की डिग्रीकडे धावू नका. एक कोरा कागद घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि बघा काय जमतं ते. कोव्हेरियन्स मॅट्रिक्सची आयगनव्हॅल्यू ऋण का असू शकत नाही? नाणं उडवत राहिलात तर लागोपाठ दोन छापे पडायला सरासरी किती वेळा उडवावं लागेल? (सहा. आणि छाप्यामागोमाग काटा पडायला चारच. हा फरक का, ते सांगता आलं पाहिजे.) रिग्रेशनमध्ये जवळपास सारखीच दोन चलं घातली तर काय बिघडतं?

आता एक उदाहरण सावकाश सोडवू, कारण या क्षेत्राची चव त्यात आहे. मी मुलाखतीत ते पुष्कळदा विचारतो.

एक फासा. टाकलात की जितके ठिपके, तितके रुपये मिळणार. पहिल्या वेळी जे पडलं ते आवडलं नाही तर एकदाच पुन्हा टाकायची मुभा, पण मग दुसऱ्यांदा पडेल ते निमूट घ्यायचं. या खेळाचं तिकीट किती रुपयांना घ्याल?

बहुतेक मुलं पुढून सुरुवात करतात आणि अडकतात. मागून या. शेवटचा एकच डाव उरला असेल तर त्याची सरासरी साडेतीन रुपये. म्हणजे पहिल्या डावात साडेतीनपेक्षा जास्त पडलं, चार, पाच किंवा सहा, तर थांबायचं; एक, दोन, तीन पडले तर पुन्हा टाकायचं. अर्ध्या वेळा थांबाल आणि तेव्हा सरासरी पाच मिळतील, अर्ध्या वेळा पुन्हा टाकाल आणि साडेतीन मिळतील. दोहोंची सरासरी ४.२५. तीन डाव असतील तर? आता पहिल्या डावात थांबायला ४.२५ च्या वर हवं, म्हणजे पाच किंवा सहाच. चार पडले तरी सोडून द्यायचे. एक तृतीयांश वेळा साडेपाच, दोन तृतीयांश वेळा ४.२५, उत्तर ४.६७ च्या आसपास.

चार पडले असताना ते सोडायचे, इथे हात थरथरतो. आणि इथेच फायनान्स येतं. मुदतीआधी कधीही वापरता येणाऱ्या, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या ऑप्शनची किंमत अशीच काढतात. शेवटच्या दिवसापासून मागे यायचं आणि प्रत्येक पायरीला विचारायचं, आत्ता मिळतंय ते घ्यावं की थांबण्याची किंमत जास्त आहे? आपल्याकडे निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे, मुदतीलाच वापरता येणारे; शेअरचेही २०११ पासून तसेच. पण न्यूयॉर्कच्या डेस्कला बसलात तर हा फासा रोज भेटेल.

हे वाचताना मजा आली असेल तर पुढे वाचा. कंटाळा आला असेल तर प्रामाणिकपणे दुसरं क्षेत्र बघा, त्यात कमीपणा नाही. पगारासाठी म्हणून दहा वर्षं असले फासे टाकणं फार जड जातं.

कच्चं काय आहे ते कळलं की भरून काढायचं. लिनियर अल्जेब्रा, प्रॉबेबिलिटी, संख्याशास्त्र, डिफरन्शिअल इक्वेशन्स, पायथॉन, आणि थोडं सी प्लस प्लस. क्रमही साधारण हाच. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे यातले सगळे कोर्स फुकट आहेत. फक्त बघू नका, त्यांच्या असाइनमेंट सोडवा.

तिसरी पायरी: डिग्री

आधी घरचं बघू. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं एमस्टॅट (संख्याशास्त्रातलं मास्टर्स) मी सगळ्यात वर ठेवतो. फी नावापुरती, उलट विद्यावेतन मिळतं, आणि प्रॉबेबिलिटीचा पाया असा घट्ट होतो की पुढे कुठल्याही खुर्चीत बसता येतं. त्यांची प्रवेश परीक्षा कोचिंगच्या चालीने सुटत नाही. पायरी पायरीने सिद्धता लिहाव्या लागतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट त्याच जातकुळीतली. तिचे माजी संचालक राजीव करंदीकर यांचं नाव आपल्याकडे निवडणुकीच्या अंदाजांमुळे माहीत आहे, पण त्यांचं खरं काम स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसमधलं, म्हणजे याच विषयाच्या मुळाशी. आयआयटी मुंबई आणि इतर आयआयटींच्या एमएस्सीला फेब्रुवारीतली जॅम परीक्षा. त्यात मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा स्वतंत्र पेपर असतो, तो आपल्या कामाचा. अर्थशास्त्राकडे ओढा असेल तर रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था बघा.

सीएफए आणि एफआरएम या डिग्र्या नव्हेत, नोकरी करता करता द्यायच्या परीक्षा आहेत. एफआरएम ही जोखीम व्यवस्थापनाची परीक्षा, तिचे दोन भाग. तिसऱ्या खुर्चीसाठी त्याचा उपयोग होतो, भाषा कळते. पण एफआरएम झालेल्या माणसाला रिग्रेशन येतंच असं धरून मी कधी चालत नाही. एमबीएबद्दल एवढंच, की तो उत्तम रस्ता आहे, पण दुसऱ्या गावाला जाणारा.

आता परदेश. 'मास्टर्स इन फायनान्शिअल इंजिनिअरिंग', 'मॅथेमॅटिकल फायनान्स', 'कॉम्प्युटेशनल फायनान्स' ही नावं वेगळी, माल साधारण एकच. अमेरिकेत कार्नेगी मेलन, प्रिन्स्टन, बर्कली, शिकागो, कोलंबिया, कॉर्नेल, न्यूयॉर्क विद्यापीठाची कूरांट संस्था आणि बारूक कॉलेज ही सगळीकडे येणारी नावं. यातलं बारूक हे न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाचं. त्यामुळे फी इतरांच्या मानाने बरीच कमी, तुकडी लहान, आणि वॉल स्ट्रीट मेट्रोच्या अंतरावर. नाव आजीला सांगून कळणार नाही, पण डेस्कवरच्या लोकांना पुरेपूर कळतं. कूरांट म्हणजे चेन्नईत जन्मलेल्या एस. आर. एस. वरदन यांची संस्था. प्रॉबेबिलिटीतल्या कामासाठी त्यांना २००७ चा गणितातला आबेल पुरस्कार मिळाला. कोलंबियात मात्र जपून. तिथे मिळत्याजुळत्या नावाचे दोन अभ्यासक्रम दोन वेगळ्या विभागांत चालतात, एक इंजिनिअरिंगचा आणि एक गणिताचा. चुकीच्या फॉर्मची फी भरलेली मुलं मी पाहिली आहेत.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि इंपीरियल, दोन्हींचे अभ्यासक्रम वर्षभराच्या आत-बाहेर संपतात. खर्च वाचतो, पण पोहोचल्यावर सामान सोडवायच्या आधीच नोकरीचे अर्ज सुरू करावे लागतात. पॅरिसमध्ये प्रोफेसर निकोल एल करुई यांच्या नावाने ओळखला जाणारा मास्टर्स डेस्क क्वांटांची खाण समजला जातो. तिथे फ्रेंच येत असेल तरच मजा. झुरिकला ईटीएच आणि झुरिक विद्यापीठ मिळून एक अभ्यासक्रम चालवतात. आणि खिशात काहीच नसेल तर वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटीचा ऑनलाइन मास्टर्स विनाशुल्क आहे. त्याने कुणी कॅम्पसवर येऊन नोकरी देत नाही, पण शिस्त असणाऱ्याला शिकायला तो पुरतो.

चौथी पायरी: प्लेसमेंटचा अहवाल वकिलासारखा वाचा

प्रत्येक अभ्यासक्रमाचा अहवाल '९५ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी' असं काहीतरी सांगतो. लग्नाच्या बायोडाटात जसं 'स्वतःचं घर' लिहितात आणि घर चुलत्यांच्या वाट्याचं निघतं, तसं इथे होतं. ९५ टक्के कशाचे? सगळ्या तुकडीचे, की 'नोकरी शोधत असलेल्या आणि माहिती कळवलेल्या' मुलांचे? पगार सरासरी दिलाय की मधला? एका पोराला शिकागोत ट्रेडिंग कंपनीत घसघशीत पॅकेज मिळालं की सरासरी उडी मारते, मधला आकडा जागेवर राहतो. हुद्द्यांच्या यादीत 'अॅनालिस्ट' किती आणि 'क्वांट' किती? कंपन्यांच्या लोगोंची भिंत तर वाचूच नका. त्यात गेल्या दहा वर्षांत एकदा कुणीतरी गेलेली कंपनीही असते.

मग लिंक्डइनवर बसा. गेल्या दोन तुकड्यांतली, भारतातून थेट कॉलेजनंतर गेलेली वीस मुलं शोधा. त्यांची आजची नोकरी बघू नका, डिग्रीनंतरची पहिली बघा. पदवीपासून तिच्यात किती महिन्यांचं अंतर आहे? आधी अनुभव होता का? दोन संध्याकाळी लागतात, पण यातून जे कळतं ते कुठल्याही रँकिंगमध्ये छापत नाहीत. त्यातल्या तिघांना नम्रपणे मेसेज करा. 'सर प्लीज गाइड' एवढंच लिहू नका, एक नेमका प्रश्न विचारा. मराठी नाव दिसलं तर मराठीत लिहा. उत्तर येण्याची शक्यता वाढते, हा माझा अनुभव आहे.

पाचवी पायरी: कर्जाचा हिशेब, आई-बाबांसमोर बसून

अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठांत नुसती फी साठ-सत्तर हजार डॉलरच्या वर जाते, वर न्यूयॉर्कचं भाडं. समजा ८० लाखांचं कर्ज, व्याज साडेदहा टक्के, फेड दहा वर्षांत. महिन्याचा हप्ता १ लाख ८ हजारांच्या आसपास. शिकत असताना दोन वर्षं हप्ता नाही म्हणून खूश होऊ नका. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली तर त्या दोन वर्षांचं साधं व्याजच १६ लाख ८० हजार होतं. रक्कम टप्प्याटप्प्याने उचलली की थोडं कमी. जुन्या कररचनेत या व्याजावर आठ वर्षं सूट मिळते, पण तो औषधापुरता दिलासा.

डॉलरमधल्या पगारात हा हप्ता सहज जातो. प्रश्न असा, की तिथे नोकरी मिळाली नाही आणि परत यावं लागलं तर? मुंबईत तिसऱ्या खुर्चीवर नव्याने बसणाऱ्याच्या हातात येणारा पगार बऱ्याचदा या हप्त्यातच संपेल. म्हणून कागदावर दोन रकाने करा, 'तिथे राहिलो' आणि 'परत आलो'. दुसऱ्या रकान्यात घर गहाण पडत असेल तर तो अभ्यासक्रम कितीही नावाजलेला असो, माझं मत नको असंच आहे. त्यापेक्षा एमस्टॅट किंवा आयआयटीतून एमएस्सी, तीन वर्षं नोकरी, आणि मग बँकेनेच लंडनला पाठवलं तर बरं. हा रस्ता हळू आहे, पण त्यावर चाललेले माझ्या ऑफिसात चार जण आहेत.

व्हिसाचंही इथेच बघा. अमेरिकेत डिग्रीनंतर कामाची मुभा १२ महिन्यांची, आणि अभ्यासक्रम 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४. एकाच विद्यापीठातला 'फायनान्स' या यादीत नसतो आणि 'फायनान्शिअल मॅथेमॅटिक्स' असतो, असंही होतं. प्रवेश विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. पुढे एच-वन बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, वर्षाला ८५ हजार जागा. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. इंग्लंडमध्ये डिग्रीनंतर दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच. हे नियम चहाच्या टपरीवर विचारायचे नाहीत, अर्ज भरायच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर वाचायचे.

सहावी पायरी: एक छोटा, खरा प्रकल्प

रेझ्युमेवर 'मशीन लर्निंगने निफ्टीचा अंदाज, अचूकता ९४ टक्के' हे वाक्य दिसलं की मी पेन खाली ठेवतो. बाजाराचा अंदाज ९४ टक्के बरोबर येणारा माणूस माझ्याकडे नोकरी मागायला येणार नाही. नव्वद टक्के वेळा आजच्या बंद भावावरून निर्णय घेऊन त्याच बंद भावाला खरेदी दाखवलेली असते. म्हणजे पेपर फुटल्यावर दिलेली परीक्षा.

दुसरी चूक जास्त लपलेली. मुलं आजच्या निफ्टीतले ५० शेअर घेतात आणि २००५ पासूनच्या जुन्या भावांवर चाचणी चालवतात. पण २००५ मध्ये कुणाला माहीत होतं की आज कोण उरणार? सत्यम २००९ च्या जानेवारीपर्यंत निफ्टीत होती. युनिटेक होती, सुझलॉन होती, येस बँक मार्च २०२० पर्यंत होती. बुडालेल्यांना वगळून काढलेला परतावा छानच दिसणार. शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला आलेल्यांवरून शाळेचा निकाल काढण्यासारखं ते आहे. तिसरी चूक खर्चाची. ऑप्शनच्या विक्रीवरचा एसटीटी (सौद्यांवरचा कर) १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ वरून ०.१ टक्क्यावर गेला. त्यानंतरचा आजचा दर बघून घ्या आणि तो वजा करा. अर्ध्या स्ट्रॅटेजी तिथेच आडव्या होतात.

मग करायचं काय? सांगलीच्या मुलाला मी हे दिलं. एनएसईच्या संकेतस्थळावर रोजची भावकॉपी, म्हणजे दिवसाच्या भावांची फाइल, फुकट मिळते. त्यातले निफ्टीचे ऑप्शन वेगळे काढ. एकाच स्ट्राइकचा (ठरलेल्या भावाचा), एकाच मुदतीचा कॉल (खरेदीचा हक्क) आणि पुट (विक्रीचा हक्क) घे. सिद्धांत सांगतो की कॉल वजा पुट म्हणजे निफ्टीतून स्ट्राइकची आजची (मुदतीपर्यंतचं व्याज वगळलेली) किंमत वजा करून उरतं ते. निफ्टी २५,०००, स्ट्राइकही २५,०००, महिन्याची मुदत, व्याज साडेसहा टक्के धरलं, तर कॉल पुटपेक्षा साधारण १३० ते १३५ रुपयांनी महाग असायला हवा. डिव्हिडंड सध्या सोडून दे. प्रत्येक स्ट्राइकला हे तपास आणि जिथे जुळत नाही तिथे का, ते शोध.

आठवड्याने त्याचा मेसेज आला, "दादा, फुकटचे पैसे सापडले!" लांबच्या स्ट्राइकना दीडशे-दीडशे रुपयांचा फरक. मी म्हटलं, त्याच फाइलमध्ये त्या स्ट्राइकला दिवसभरात किती सौदे झाले ते बघ. आठ. म्हणजे शेवटचा सौदा दुपारी कधीतरी झालेला, आणि निफ्टीचा भाव साडेतीनचा. दोन वेगळ्या वेळांचे भाव एकाच ओळीत बसले होते. फुकटचे पैसे गेले, पण हे त्याने स्वतः शोधलं. मुलाखतीत या एका गोष्टीवर वीस मिनिटं बोलता येतं, आणि समोरच्याला कळतं की या पोराने डेटाला हात लावलाय.

सातवी पायरी: मुलाखत

तयारीचे प्रश्नसंच बाजारात ढिगाने आहेत, त्यावर शब्द खर्चत नाही. आपल्या मुलांचं एक वेगळंच दुखणं आहे ते सांगतो. आपल्याला शाळेपासून सवय लागते की गणित गुपचूप सोडवायचं आणि उत्तर आलं की वही दाखवायची. इथे उलट. समोरच्याला उत्तरात कमी आणि तिथवर पोहोचण्यात जास्त रस असतो. हुशार मुलगा चार मिनिटं खाली मान घालून बसतो आणि मला काहीच दिसत नाही. म्हणून घरी कुणाला तरी समोर बसवा आणि बडबडत गणित सोडवा. आई चालेल, तिला कळलं नाही तरी चालेल. आधी मराठीत करा. विचार मोकळा झाला की इंग्रजी मागून येतं. व्याकरण चुकलं म्हणून मी आजवर कुणाला नाकारलेलं नाही.

आणि पाठांतर करू नका. माझ्या पहिल्या मोठ्या मुलाखतीला मी ऑप्शनच्या किमतीचं, ब्लॅक-शोल्सचं १९७३ चं सूत्र धडाधड लिहून दाखवलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "छान. आता शेअरच्या भावात अजिबात चढउतारच नाहीत, म्हणजे व्होलॅटिलिटी शून्य. कॉलची किंमत किती?" मी सूत्रात शून्य घातलं, भाजकात शून्य आलं, आणि घाम फुटला. उत्तर एका ओळीचं होतं. अनिश्चितता नसेल तर शेअर व्याजाच्या दरानेच वाढणार. म्हणजे आजचा भाव वजा स्ट्राइकची आजची किंमत, ते ऋण आलं तर शून्य. पुढच्या फेरीचा फोन आला नाही, आणि येऊही नये असंच मी बोललो होतो.

येत नसेल तर 'येत नाही, पण अशी सुरुवात करेन' म्हणा. थाप मारलेली दोन प्रश्नांत उघडी पडते.

ऑफर आल्यावर

करारपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का, नोटीस किती महिन्यांची, सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायला किती काळ बंदी. ट्रेडिंग कंपन्यांत हे शेवटचं कलम लांबलचक असतं.

पहिलं वर्ष बहुतांशी डेटा साफ करण्यात जातं, त्याची मानसिक तयारी ठेवा. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस शेअर दिला, त्यामुळे शेअरचा भाव एका रात्रीत निम्म्यावर. ज्याने तो बदल डेटात जुळवून घेतला नाही, त्याच्या जोखमीच्या मॉडेलला त्या दिवशी भूकंप झालेला दिसला. असे भूकंप शोधणं हेच नवख्याचं काम, आणि बाजार कसा चालतो ते त्यातूनच कळतं.

आणि घरी आधीच सांगून ठेवा. रुजू होताना तुमच्या डीमॅट खात्यासोबत जवळच्या नातेवाइकांची खातीही जाहीर करायला सांगतात, आणि बऱ्याच ठिकाणी शेअर घ्या-विकायच्या आधी ऑफिसची परवानगी लागते. माझ्या बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे आता माझे शेअर विकायला तुझ्या साहेबाला विचारायचं?" हो, बाबा.